चौदा महिन्यांचा हिशोब

रेवदंडा,
नारळी पौर्णिमा

प्रति,
जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मानसिक आरोग्य सेवांची आखणी करणारे डॉक्टर, अधिकारी आणि संस्थाचालक यांस,



मी रेवदंड्याची. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त होऊन घरची माडा-पोफळीची वाडी बघते. हिशोबाची खोड मात्र गेली नाही, म्हणून हे पत्रही हिशोबाचंच आहे.

माझ्या भाच्याला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलाला, एकोणिसाव्या वर्षी नसलेले आवाज ऐकू यायला लागले. पहिली लक्षणं दिसली तिथपासून पहिली गोळी त्याच्या पोटात जाईपर्यंत चौदा महिने गेले. तुमच्या प्रत्येक पोस्टरवर ‘लवकर निदान, लवकर उपचार’ असं लिहिलेलं असतं. ते मला शंभर टक्के मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ‘लवकर या’ असं तुम्ही सांगता, पण लवकर यावंसं वाटेल असं दार ठेवत नाही. ते दार कसं असावं, हे आम्हाला कधी विचारतही नाही.

हे लिहायची परवानगी भाच्याकडून घेतली आहे. त्यानं तीन अटी घातल्या. नाव नको, आळी नको, आणि ‘वेडा’ हा शब्द कुठेही नको. तिसरी अट मोडूनच ती सांगावी लागतेय, एवढी मुभा त्यानं दिली.

आधी हिशोब मांडते.

पहिले चार महिने आम्ही मोबाईलला दोष देण्यात घालवले. कॉलेज सुटलं, रात्री जागून दिवसा झोपायला लागला, खोलीचं दार बंद. ‘या वयात होतं असं’ हे वाक्य घरात प्रत्येकानं निदान एकदा म्हटलं असेल. मी तर शिक्षिका, मी जास्त वेळा म्हटलं.

पुढचे तीन महिने देवाधर्मात आणि एका भगताकडे गेले. शेजारी आपल्यावर नजर ठेवतात, भिंतीतून बोलतात, असं तो म्हणायला लागला होता. बाहेरचं काहीतरी आहे, असं वहिनीच्या माहेरी ठरलं. मी विरोध केला, पण ‘मग तू सांग काय आहे ते’ असं वहिनीनं विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने रक्त तपासण्यात. साखर, थायरॉइड, जीवनसत्त्वं, सगळं तपासलं. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. तो आत काय ऐकतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

मग तीन महिने असे गेले की, हा मनाचा आजार आहे हे आम्हाला कळलं होतं आणि तरी आम्ही गेलो नाही. हे तीन महिने मला सर्वांत जास्त बोचतात. भाचीचं लग्न ठरत होतं. दवाखान्यात कोणी ओळखीचं भेटलं तर, हा एकच विचार.

शेवटचे दोन महिने दवाखान्याच्या वाऱ्यांत. कुठला दवाखाना ते सांगणार नाही. असा दवाखाना एकच असता तर हे पत्र लिहायची गरज पडली नसती. पहिल्या खेपेला गेलो तर वार चुकला होता. दुसऱ्या खेपेला डॉक्टर शिबिराला गेलेले. तिसऱ्या खेपेला सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघालो. बाकड्यावर बसलो, तर डोक्यावर हातभर अक्षरांत पाटी: ‘मनोरुग्ण विभाग’. समोरून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आधी पाटी वाचायचा आणि मग बाकड्यावरची तोंडं. दीड तासानं आतून भाच्याचं पूर्ण नाव, आडनाव, गाव असं मोठ्यानं पुकारलं गेलं. तो उठला आणि सरळ बाहेर चालायला लागला. मी त्याला स्टँडवर गाठलं. त्या दिवशी आम्ही डॉक्टरांचं तोंड न बघताच परतलो; पहिली गोळी मिळाली ती त्यानंतरच.

चार, तीन, दोन, तीन, दोन. बेरीज चौदा.

आता तुमच्या बाजूचे आकडे. अमेरिकेतल्या २००५ सालच्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की, आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे हा शाळा-कॉलेजच्या वयाचा आजार आहे. याच विचारानं त्या पाहणीच्याही आधी, १९९२ साली, मेलबर्नमध्ये अशा आवाज-भासांच्या आजाराच्या पहिल्या झटक्यातल्या तरुणांसाठी वेगळं केंद्र सुरू झालं आणि तिथून ही कल्पना जगभर गेली. अमेरिकेत याच आजाराच्या ‘रेझ’ नावाच्या अभ्यासात २१ राज्यांतल्या ३४ दवाखान्यांत ४०४ रुग्ण घेतले होते. त्यात उपचाराविना गेलेला काळ मधल्या रुग्णाच्या बाबतीत ७४ आठवडे निघाला, म्हणजे साधारण सतरा महिने. त्याहून लवकर आलेल्यांना, त्या अभ्यासात तपासलेल्या नव्या सेवेचा फायदा जास्त झाला.

सतरा महिने, आणि तेही अमेरिकेत! तेव्हा रेवदंड्याची माणसं अडाणी, भगताकडे जातात, म्हणून उशीर होतो, हा समज कृपा करून सोडा. उशीर सगळीकडे होतो, आणि तो कमी करण्याचं काम सेवा आखणाऱ्यांचं आहे.

‘लवकर’ म्हणजे काय, हे वाडीवाल्याला शिकवावं लागत नाही. पावसात पोफळीला कोळेरोग लागतो, कोवळी फळं गळून झाडाखाली सडा पडतो. बोर्डो मिश्रण फवारायचं ते पावसाच्या तोंडावर. गळ सुरू झाल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. पण फवारायला माणूस वर चढवावा लागतो. तो कधी मोकळा आहे, कुठल्या झाडावर चढेल, मजुरी काय घेईल, हे त्याला विचारूनच ठरवावं लागतं. नुसतं औषध आणून पडवीत ठेवलं म्हणून ते शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. तुमच्या योजनेत औषध आहे, तारीख आहे, उद्दिष्ट आहे. वर चढणाऱ्याला मात्र कोणी विचारलेलं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथल्या किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी किती नीट विचारलं! झाडं किती, वय काय, फळावर होती की नव्हती. पोफळ लावून फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. वादळामुळे भाचा आजारी पडला, असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षानंतर घरात कर्ज आलं, त्याचा पुण्याला शिकायचा बेत बारगळला. असं काही घरात घडल्यावर पोरांचं काय चाललंय, असं कोणीतरी कागद-पेन घेऊन विचारायला येईल, अशी सोय आमच्याकडे तरी दिसली नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. ती १२ राज्यांत झाली; महाराष्ट्र त्यात नव्हता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत, हे त्या पाहणीनं सांगितलं. आमचा आकडा निराळा असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

तुमच्या अडचणीही मी जाणते. त्याच पाहणीच्या वेळी देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा पुरा पडत नव्हता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षं सामान्य माणसाला माहीत असलेली ठिकाणं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. ‘ठाण्याला पाठवू’ ही आमच्याकडे अजून धमकी आहे. अशा स्थितीत ‘आता पसंतीचं काय घेऊन बसलात’ असं तुम्हाला वाटेल. पण पसंती ही चैन आहे असं समजू नका. ज्या दारातून माणूस मागे फिरतो, त्या दारामागे बसवलेल्या तज्ज्ञाचा पगार वायाच जातो.

शिवाय हे मी मनाचं सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ काढून बघा. सेवा परवडणारी हवी, चांगली हवी, पोहोचता येईल इतक्या अंतरावर हवी, हे त्यात आहेच. आणि ती रुग्णाला, त्याच्या कुटुंबाला आणि सांभाळणाऱ्यांना स्वीकारार्ह वाटेल अशा रीतीनं दिलेली हवी, हेही त्यात आहे. स्वीकारार्ह आहे की नाही, हे न विचारता कसं कळणार?

म्हणून आता मागण्या, एकेक करून.

पहिली मागणी पाटीची. ‘मनोरुग्ण’ हा शब्द भिंतीवरून उतरवा. नावानं पुकारू नका, नंबर द्या. गोपनीयता हा त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाचा हक्क आहे. या मागणीला एक रुपया खर्च नाही, रंगाचा डबा धरला तर दोनशे.

दुसरी मागणी ठिकाणाची, आणि इथे माझा स्वतःचाच अंदाज चुकला. सेवा गावात आली की झालं, असं मला वाटायचं. काही देशांत संशोधक रुग्णांपुढे सेवेची दोन चित्रं ठेवतात आणि यातलं कुठलं घ्याल असं विचारतात. एकात अंतर कमी पण वाट बघणं जास्त, दुसऱ्यात उलट, असं करत करत माणसाला खरं काय महत्त्वाचं वाटतं ते उमगतं. मी शास्त्रज्ञ नाही, पण दिवाळीला भेटायला आलेल्या काही माजी विद्यार्थ्यांपुढे ओटीवर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. एकीवर लिहिलं: गावातल्या आरोग्य केंद्रात, चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरीवर: पनवेलला, दोन तास प्रवास. मला वाटलं, सगळे पहिली उचलतील. दोन-तीन मुलांनी पटकन दुसरी उचलली. ‘बाई, पनवेलला कोण ओळखतंय!’ मुली मात्र गावातलीच चिठ्ठी धरून बसल्या, कारण पनवेलला जायचं तर घरी सांगावं लागणार आणि भाऊ सोबत येणार. एक मुलगी म्हणाली, ‘गावात चालेल, पण आशाताई माझी काकू आहे, तिच्या हातात माझा कागद नको.’ एकाच ओटीवर एवढी मतं. तेव्हा एक दार पुरणार नाही. एक जवळचं हवं आणि एक लांबचं हवं, आणि कुठलं निवडायचं ते त्यांच्यावर सोपवायला हवं. रेवदंड्याच्या रुग्णानं रोह्याला किंवा पनवेलला नाव घातलं तर ‘तुमचा भाग नाही’ म्हणून त्याला परत पाठवू नका.

तिसरी मागणी वेळेची. आठवड्यातला एक वार, सकाळी नऊ ते एक, ही वेळ कोणाच्या सोयीनं ठरली? कोळीवाड्यातला पोरगा ऑगस्टपासून बोटीवर असतो, दर्यावरून कधी परतेल ते वार बघून ठरत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा तो घरी असतो. ते दोन महिने तुम्ही खास त्यांच्यासाठी का वापरत नाही? साळावच्या कारखान्यात जाणाऱ्याची पाळी बदलते. आणि ज्याला रात्रीची गोळी आहे, त्याला सकाळी सातच्या एस.टी.साठी उठवणं म्हणजे काय, ते एकदा आमच्या घरी राहून बघा. संध्याकाळची ओपीडी महिन्यातून दोनदा झाली तरी फरक पडेल.

चौथी मागणी वयाची. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली आला, आपल्याकडे त्याची ‘मैत्री’ क्लिनिकं निघाली. कल्पना चांगली, पण वयाची मर्यादा दहा ते एकोणीस. आवाज ऐकू यायला लागतात ते नेमके याच उंबरठ्यावर. ऑस्ट्रेलियानं २००६ साली तरुणांसाठी ‘हेडस्पेस’ केंद्रं काढली, ती बारा ते पंचवीस वयासाठी, आणि ती कशी असावीत हे ठरवताना तरुणांनाच सोबत घेतलं. आपल्याकडे मात्र विसावं लागलं की पोरगा मोठ्या माणसांच्या बाकड्यावर.

पाचवी मागणी भाषेची. ‘तुम्हाला उदासीनता जाणवते का?’ या प्रश्नाला आमच्या आळीत कोणीही ‘नाही’ म्हणेल. ‘जीव लागत नाही’, ‘डोक्यात भुंगा फिरतो’, ‘टेन्शन उतरत नाही’ असं विचारलं तर एखाददुसरं माणूस रडायलाच लागेल. शेजारी गोव्यात संगाथ संस्थेनं आरोग्य केंद्रांतून हेच ओळखून काम केलं. स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं, आजाराची नावं चिकटवण्यापेक्षा लोकांच्या शब्दांतल्या त्रासापासून सुरुवात केली. २०१० साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी नव्या पद्धतीनं सुमारे ६६ टक्के बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीनं ४२ च्या आसपास. अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच माणसांकरवी काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. दोन्ही ठिकाणी आपलीच हवा, आपलीच माणसं. मग हे अपवाद का राहावेत?

सहावी मागणी गोळीची. पहिली गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत भाच्यानं ती बंद केली. तो सांगेना, आणि आम्ही त्याच्यावर चिडत राहिलो. एक दिवस तो वाडीत माझ्याशेजारी सुपारी सोलायला बसला. आमच्या घरात पाच वर्षांचं पोरही सुपारी सोलतं. त्याच्या हातातलं फळ तीनदा निसटलं. चौथ्यांदा उचललं तेव्हा मी त्याची बोटं बघितली. वाऱ्यावर झावळीचं टोक हलतं तशी हलत होती. तो म्हणाला, ‘आत्या, आवाज गेले. पण हे हात माझे नाहीत.’ थरथर हा त्या औषधाचा परिणाम असू शकतो, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, हे नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं. तीच पाच मिनिटं आधी मिळाली असती तर मधले दोन महिने पुन्हा बिघडले नसते. तुम्ही कोणत्या परिणामाला किती महत्त्व देता आणि रुग्ण किती देतो, हे सारखं नसतं. तुमच्या लेखी आवाज थांबणं म्हणजे यश. त्याच्या लेखी सुपारी सोलता येणं. गोळी लिहिण्यापूर्वी दोन्ही यशं कागदावर घ्या.

सातवी मागणी कामाची. ‘बरं वाटल्यावर काय करायचंय?’ हा प्रश्न भाच्याला पहिल्या वर्षात कोणीही विचारला नाही. मघाशी ज्या अमेरिकी अभ्यासाचं सांगितलं, त्यातल्या सेवेत औषध आणि समुपदेशनासोबत शिक्षण-नोकरीसाठी मदत करणारा माणूसही होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ तुम्ही बघितला असेल. कोकणच्या किनाऱ्यावर एका खचलेल्या तरुणाला न टोचता, न विचारता सांभाळणारं घर त्यात आहे, आणि त्याला सुवर्णकमळही मिळालं. आम्ही तो घरी मिळून पाहिला. मी डोळे पुसत होते. भाचा म्हणाला, ‘सिनेमा चांगला आहे. पण मला कोणी सांभाळायला नको होतं. मला आयटीआयचा फॉर्म भरून द्यायला कोणीतरी हवं होतं.’

आठवी मागणी खोलीत कोण बसणार याची. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारायचे, ‘झोपतो का? जेवतो का?’ मी उत्तरं द्यायची. तो भिंतीकडे बघायचा. कायद्याच्या कलम १४ नुसार सज्ञान माणूस आपला प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमू शकतो. कलम ५ नुसार, पुढे आजार बळावला आणि स्वतः ठरवता येईना, तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, ते आधीच लिहून ठेवू शकतो. ‘रुग्णाला काय कळतंय?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: ज्या काळात कळतं त्या काळात लिहून घ्या. हे दोन्ही कागद केसपेपरसोबत प्रत्येक नव्या रुग्णाच्या हातात द्या. आमच्या भाच्यानं कागद केला. प्रतिनिधी म्हणून नाव लिहिलं ते मामेभावाचं. आधी मला राग आला, मग दोन दिवस वाईट वाटलं, आणि मग कळलं की वर्षभर मी डॉक्टरांच्या ज्या सवयीला नावं ठेवत होते ती माझीही होती.

रुग्ण म्हणेल ते सगळं ऐका, असं मी म्हणत नाही. पहिल्याच महिन्यात विचारलं असतं तर त्यानं गोळीच नको म्हटलं असतं. तिथे डॉक्टरांनी ठामपणे बोलायचं असतं आणि का ते समजावायचं असतं. पण ठामपणे बोलणं आणि न विचारताच ठरवून टाकणं यांत फरक आहे.

शेवटची मागणी मी लिहून ठेवली होती ती अशी: भगत, देवस्थानं, शाळा यांना जोडून घ्या. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ म्हणून दुआ मागायला येणाऱ्यांना तिथेच डॉक्टरही भेटेल अशी सोय झाली, तसं आपल्याकडे का होऊ नये? मागणी अजून तीच आहे. पण पत्र इथपर्यंत लिहून झाल्यावर काल रात्री ते भाच्याला वाचायला दिलं, आणि त्यात भर पडली.

त्यानं शांतपणे सगळं वाचलं. मग म्हणाला, ‘हिशोब तुझा बरोबर आहे, पण तो तुमचा आहे. माझा वेगळा आहे.’

त्याच्या हिशोबात पहिले चार महिने मोबाईलचे नाहीत. दुसऱ्याच महिन्यात तो एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभा राहिला होता. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबला आणि मग विचारलं, ‘झोप यायला काही आहे का?’ दुकानदारानं चिठ्ठी मागितली, आणि नियमानुसार ते बरोबरच केलं. भाचा म्हणाला, ‘तेव्हा त्यानं एवढंच विचारलं असतं, की किती दिवस झोपला नाहीस, तर मी सगळं सांगून टाकलं असतं.’ तिसऱ्या महिन्यात सुरूच्या बनाकडे जाऊन त्यानं कुठल्याशा हेल्पलाइनचा नंबर लावला होता. पलीकडून नाव विचारलं गेलं आणि त्यानंच फोन ठेवला. चौथ्या महिन्यात व्यायामशाळेतल्या दादाला म्हणाला होता, की डोकं गरम होतं. दादानं पाणी जास्त प्यायला सांगितलं.

म्हणजे ‘लवकर’ आला नाही, हे खोटं होतं. तो लवकर आला होता, तीनदा आला होता. आम्ही आणि तुम्ही ज्या दारात त्याची वाट बघत होतो, त्या दारात नव्हता आला, एवढंच.

म्हणून शेवटची मागणी नव्यानं लिहिते. जिल्ह्यातल्या प्रत्येक औषध दुकानदाराला, व्यायामशाळा चालवणाऱ्याला, कॉलेजच्या ग्रंथपालाला आणि भगतालाही एक दिवसाचं शिक्षण द्या. निदान करायला नको, एक प्रश्न विचारायला आणि पुढचा पत्ता सांगायला. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर आहे. तो पोस्टरवर असतोच, तो काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी येऊ द्या, आणि नाव न सांगताही बोलता येतं का, हे तो माणूस खात्रीनं सांगू शकेल असं करा. आणि पुढच्या वर्षाचा आराखडा करण्याआधी ज्यांनी ही सेवा वापरली, आणि विशेष म्हणजे जे अर्ध्या वाटेवरून परत गेले, त्यांना बोलवा. एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, आणि विचारा: तू पहिल्यांदा कुठे गेला होतास?



आपली,
रेवदंड्याची एक आत्या

ता. क. अशी बैठक रेवदंड्यात घ्यायची असेल तर आमची ओटी मोकळी आहे. भाचा आता आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला संध्याकाळी पाचनंतर जमेल. अजून दोघा-तिघांना आणीन म्हणतो. त्याची एकच अट आहे, आत्यानं तिथे बसायचं नाही. मी मागे चहाचं बघेन.